तिसरे मलम घेण्यापूर्वी



गोठ्यातल्या जनावराकडे पाहण्याची तुमची नजर फार तयार असते. बैलाने डोके झटकले तर तुम्ही म्हणता, माशी बसली असेल. चार दिवसांनी तो शिंग खुंट्याला घासू लागला, मान एका अंगाला कलती धरू लागला, की तुम्ही जवळ जाऊन शिंगाच्या बुडाशी हात लावून पाहता. पुढे त्याच अंगाच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी आले, तर घरातले जाणते माणूस म्हणते, "हे माशीचे काम नव्हे. शिंगाचा कॅन्सर असेल. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा." त्या माणसाने कॉलेज पाहिलेले नसते. साधे दुखणे किती दिवसांत उतरते हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. जे त्या दिवसांत उतरत नाही, ते साधे नव्हे, एवढे तो जाणतो.

आज हीच नजर घरातल्या माणसांच्या डोळ्यांवर फिरवायला सांगणार आहे. डोळ्याच्या आत आणि डोळ्याभोवती काही कॅन्सर होतात. ते फार क्वचित होतात, हे आधीच सांगतो, म्हणजे उगाच कोणी घाबरायला नको. पण ते येतात तेव्हा कॅन्सरसारखे दिसत नाहीत. कोणी रांजणवाडीचे रूप घेऊन येतो, कोणी डोळे आल्याचे, तर कोणी पापणी सुजल्याचे. म्हणून घरचे फसतात, औषधांचा दुकानदार फसतो आणि कधी कधी डॉक्टरही फसतात. त्यांना उघडे पाडणारी एकच गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे तारीख.

साधे दुखणे किती दिवसांचे?

आधी साधे काय ते पाहू. आपल्या पापणीच्या कडेत तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत वीसेक. डोळ्यातले पाणी लवकर सुकू नये म्हणून त्या तेलाचा पातळ थर सोडतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले, त्यात जंतू वाढले, की लाल, ठणकणारी रांजणवाडी होते. स्वच्छ फडके कोमट पाण्यात भिजवून पिळून, डोळे मिटून, दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे शेक दिला, तर बहुतेक रांजणवाड्या आठ-दहा दिवसांत फुटतात किंवा बसतात. कधी ठणका जातो पण वाटाण्याएवढी घट्ट गाठ मागे राहते. तिला काही आठवडे, फार तर दोन महिने लागतात. ती गेली नाही तर डोळ्यांचे डॉक्टर छोटा छेद देऊन साफ करतात.

डोळे येतात तेव्हा बहुधा आधी एक आणि मग दुसराही लाल होतो. सकाळी पापण्या चिकटतात. घरात एकामागून एक सगळ्यांना येतात. आठवडा-दोन आठवड्यांत ते उतरतात.

तिसरा प्रकार मात्र साधा असूनही हलका नाही. सर्दी, सायनस, दाताचे दुखणे किंवा पापणीला झालेली जखम, यांतून जंतू डोळ्याच्या खोबणीत शिरतात. पापणी टम्म सुजते, ताप चढतो, डोळा हलवला की दुखतो, बुबुळ पुढे आल्यासारखे दिसते. इथे थांबायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जीव नेले, हे मराठवाडा विसरलेला नाही. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी तर डोळ्याभोवतीच्या सुजेला एक दिवसही देऊ नये. जंतूंमुळे आलेल्या अशा सुजेवर योग्य इंजेक्शने सुरू झाली, की दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो.

या तिन्ही दुखण्यांना मुदत आहे. कॅन्सर ही मुदत पाळत नाही. तो थोडा बसल्यासारखा वाटतो, पण जात नाही. किंवा जातो आणि त्याच जागी पुन्हा येतो.

रांजणवाडीचे सोंग घेणारी गाठ

समजा, पाटोद्याच्या बाजूच्या एका वस्तीवरची साठीची एक आजी आहे. पोळ्याच्या सुमारास तिच्या वरच्या पापणीत गाठ आली. दुखत नव्हती. घरच्यांनी लवंग उगाळून लावली. मग दुकानातून एक ट्यूब आणली, थोडा आराम वाटला. पुढे घरातल्यांनी मुकादमाची उचल घेतलेली होती, सगळी टोळी कारखान्यावर निघाली. नातवंडे सांभाळायला आजीही गेली. तिकडे डोळा लाल राहू लागला. कोपीजवळच्या गावात एका डॉक्टरने तपासून थेंब दिले. पाडव्याला परत आल्यावर गावाकडच्या दवाखान्यात गाठ चिरून साफ केली. घरचे निश्चिंत झाले. पावसाळ्यात त्याच जागी गाठ पुन्हा आली, तेव्हा सगळे म्हणाले, "आजीला उष्णता फार आहे." दिवाळीत पुन्हा टोळी निघाली. तोवर त्या जागचे पापणीचे केस गळून गेले होते, आणि कानापुढे अवधान आल्यासारखी एक गाठ लागत होती.

ही आजी कल्पनेतली आहे, पण असा प्रवास डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे. त्या तेलाच्या ग्रंथींचाच हा कॅन्सर. साधारण साठी-सत्तरीच्या माणसांत तो अधिक, त्यातही बायकांत जास्त, आणि खालच्यापेक्षा वरच्या पापणीत अधिक. युरोप-अमेरिकेत पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण शंभरात फार तर पाच. आपल्या देशातल्या रुग्णालयांच्या नोंदींत मात्र पापणीच्या कॅन्सरपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे याच जातीचे निघतात. तेव्हा बाहेरच्या पुस्तकात "फार दुर्मिळ" असे लिहिले असले, तरी आपल्याकडे ते तितकेसे खरे नाही.

आता त्या आजीच्या गोष्टीत चुकले कोणाचे ते पाहा. दुकानदाराने पहिल्या दिवसाची गाठ पाहिली. कारखान्याकडच्या डॉक्टरने पहिल्या दिवसाचा लाल डोळा पाहिला. गाठ चिरणाऱ्यालाही ती नवीनच वाटली. प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केले. पण एकालाही मागची तारीख ठाऊक नव्हती. सगळ्यांच्या दृष्टीने दुखणे त्या दिवशी सुरू झाले होते. आजीच्या दृष्टीने त्याला वर्ष उलटून गेले होते.

आपल्या बीड जिल्ह्याची ही खास अडचण आहे. वर्षातले पाच-सहा महिने घर एकीकडे आणि माणसे दुसरीकडे. चिठ्ठी एका गावची, औषध दुसऱ्या गावचे. म्हणून सांगतो, दवाखान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोयत्याबरोबर न्या आणि कोयत्याबरोबर परत आणा. डॉक्टरसमोर बसलात की दुखणे सांगण्याआधी तारीख सांगा. तारीख लक्षात राहत नसेल तर सणावर सांगा: "पोळ्याला आली, कपिलधारच्या यात्रेलाही होती, पाडव्याला चिरली, नागपंचमीला पुन्हा त्याच जागी आली." एवढे एक वाक्य ऐकले तरी जाणता डॉक्टर खुर्चीत सरसावून बसेल.

या गाठीच्या खुणा लक्षात ठेवा. गाठ एकाच जागी पुन्हा येते. ती दुखत नाही किंवा फार कमी दुखते. रंगाला थोडी पिवळसर असते. तिच्यावरचे पापणीचे केस गळतात. पापणीची कड जाड होते. कधी गाठ दिसतच नाही, नुसता एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो आणि थेंबांना दाद देत नाही. यातली एक जरी खूण दिसली, तरी डोळ्यांच्या डॉक्टरला स्पष्ट विचारा, "साहेब, याचा तुकडा तपासायचा का?" आणि चाळिशीपुढच्या माणसाची पापणीतली गाठ कोणीही चिरली, तर काढलेला भाग टाकून देऊ नका. तो प्रयोगशाळेत पाठवायचा आग्रह धरा. त्या बाटलीत काय निघते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. वेळेवर कळले, तर गाठ थोड्या निरोगी भागासह काढून पापणी पुन्हा नीट बसवता येते. उशीर झाला तर रोग कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींत उतरतो.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती बऱ्याच घरांत असते. पापणीच्या गाठीच्या बाबतीत ही भीती बाळगू नका. न तपासता पुन्हा पुन्हा चिरत राहणे, हे त्याहून कितीतरी धोक्याचे आहे.

लेकरांची सूज

आता लहान मुलांकडे वळू. सहा-सात वर्षांचे पोर असते. आई म्हणते, "खेळताना लागले असेल." पापणी सुजलेली, थोडी लाल. आठवड्याभरात डोळा पुढे किंवा खाली ढकलल्यासारखा दिसू लागतो. जंतूंची सूज समजून औषध दिले जाते. ताप मात्र नसतो, किंवा अगदी थोडा असतो, आणि औषधाने उतार पडत नाही.

खोबणीतल्या स्नायूंच्या जातीचा एक कॅन्सर मुलांत असा येतो. तो फार झपाट्याने वाढतो. महिने लागत नाहीत, दिवस आणि आठवडे लागतात. म्हणून इथला नियम वेगळा आहे. मुलाच्या डोळ्याच्या सुजेवर इंजेक्शने सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले आणि उतार नाही, तर डॉक्टरांना स्कॅनबद्दल विचारा. "अजून पाच दिवस औषध घेऊन पाहू" असे घरच्यांनी ठरवू नये. रक्ताचा कॅन्सरही मुलांत कधी कधी डोळ्याभोवतीच्या सुजेने पहिल्यांदा तोंड दाखवतो. तेव्हा साधी रक्ततपासणीही टाळू नये.

या दुखण्याची एक दिलासा देणारी हकिकत आहे. १९६० च्या सुमारापर्यंत असे मूल आले की डोळ्याची सगळी खोबण रिकामी करीत, आणि तरीही बहुतेक मुले हातची जात. पुढे औषधे आणि किरणोपचार एकत्र देण्याची पद्धत बसली. आज रोग खोबणीतच असताना सापडला, तर दहापैकी नऊ मुले वाचतात, आणि बहुतेकांचा डोळाही काढावा लागत नाही. या उपचारातले एक मुख्य औषध कशापासून मिळते ठाऊक आहे? तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून. मात्र सदाफुलीचा पाला वाटून मुलाला पाजू नका. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते. ते शिरेतून, वजन पाहून, मोजून द्यावे लागते. पाला पोटात गेला तर तो विषासारखा बाधतो.

मांजराच्या डोळ्यासारखी चमक

याहून लहान, दोन-तीन वर्षांच्या आतल्या बाळांना डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर होतो. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. आपला देश मोठा, म्हणून भारतात दरवर्षी अंदाजे दीड हजार बालकांत तो सापडतो. त्याची पहिली खूण अनेकदा डॉक्टरला नव्हे, आईला दिसते. तिन्हीसांजेच्या मंद उजेडात बाळाने मान वळवली, की एका बाहुलीत पांढरट चमक दिसते, रात्री कंदिलापुढे मांजराचा डोळा चमकावा तशी. युरोपातल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मांजराच्या डोळ्याचेच नाव दिले होते. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. बारशाचे, जावळाचे फोटो काढता. फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी दिसली, तर तो फोटो जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. ती चमक मोतीबिंदूचीही असू शकते, कधी नुसती फोटोच्या कोनाचीही. पण ते डॉक्टरने ठरवावे. दुसरी खूण म्हणजे तिरळेपणा. "तिरळे मूल भाग्याचे" असे म्हणून गप्प बसू नका. तिरळ्या झालेल्या प्रत्येक बाळाचा डोळा आतून एकदा तपासलाच पाहिजे.

हे दोन्ही इशारे चुकले, तर हाच रोग पुढे जंतूंच्या सुजेचे सोंग घेतो. आतली गाठ सडू लागते, पापण्या सुजतात, डोळा लालभडक होतो, बाळ रडते. मग सुजेचीच औषधे चालू राहतात आणि मोलाचे दिवस जातात. म्हणून बाळाच्या सुजलेल्या डोळ्याकडे आलात, की डॉक्टरांना आठवणीने सांगा: "साहेब, मागे या डोळ्यात पांढरे चमकत होते." किंवा "हा डोळा महिन्याभरापासून तिरळा आहे." हे वाक्य बाळाचा जीव वाचवू शकते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. पापणीच्या गाठीचा तुकडा काढून तपासायचा असतो. बाळाच्या डोळ्याच्या आतल्या गाठीत मात्र कोणी सुई घालू नये. त्याने रोग बाहेर सांडतो. भूल देऊन डोळा आतून पाहणे, सोनोग्राफी आणि स्कॅन यांवरून तिचे निदान होते. ते काम अनुभवी केंद्रातच व्हावे.

हा रोग आईच्या चुकीने होत नाही. ग्रहण पाळले नाही म्हणून होत नाही, नजर लागून होत नाही. पेशीतल्या एका जनुकात बिघाड झाल्याने तो होतो. ते जनुक १९८६ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागले. शंभरापैकी सुमारे चाळीस मुलांत हा दोष शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो. म्हणून एका बाळाला हा रोग झाला असेल, तर त्याच्या भावंडांचे डोळे तपासा, आणि पुढच्या बाळाचे जन्मल्याबरोबर. आईबापांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच नसतानाही तो होतो, हेही लक्षात असू द्या.

डोळा की लेकरू?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कधी कधी डॉक्टर सांगतात, "डोळा काढावा लागेल." आईबाप बाळाला उचलतात आणि घरी येतात. एक डोळ्याची पोर, तिचे लग्न कसे होईल, हा विचार आधी येतो. कोणी बुवा सांगतो, अंगारा लावा. कोणी पाल्याचा रस सांगतो. चार महिने निघून जातात. मग तेच आईबाप पुन्हा येतात, आणि म्हणतात, "आता काढा डोळा." तोवर डोळा काढूनही उपयोग नसतो.

यात आईबापांना दोष देण्यासारखे काही नाही. तान्ह्या लेकराचा डोळा काढा म्हणणे सोपे नाही. पण हिशेब नीट मांडून पाहा. जो डोळा काढायला सांगतात, त्याने बहुधा दिसतच नसते. तो ठेवला तर रोग डोळ्यामागच्या नसेवाटे मेंदूकडे जातो. वेळेवर काढला तर रोग तिथेच संपतो. हा रोग डोळ्याच्या बाहेर जाण्याआधी उपचार झाला, तर शंभरातली पंचाण्णव मुले वाचतात. पुढे मापाचा कृत्रिम डोळा बसवतात, तो दुसऱ्या डोळ्यासारखाच दिसतो. मूल शाळेत जाते, खेळते. एका डोळ्यावर माणूस सगळी कामे करू शकतो, शेतीसुद्धा. आणि लवकर आलेल्या कित्येक मुलांचा डोळा काढावाच लागत नाही. औषधे, लेसर आणि गोठवण्याचे उपचार यांनी तो वाचतो. म्हणजे डोळा वाचवायचा असेल तरी लवकर जायला हवे, आणि लेकरू वाचवायचे असेल तरी लवकरच जायला हवे.

आजीआजोबांना माझी खास विनंती आहे. अशा वेळी घरात शेवटचा शब्द बहुधा तुमचा असतो. सून रडत असते, मुलगा गोंधळलेला असतो. तुम्ही "ने लेकराला, मी घर सांभाळते" असे म्हणालात, तर निम्मे काम झाले.

उन्हातले डोळे

आणखी एक कॅन्सर शेतात राबणाऱ्यांनी ओळखून असावा. बुबुळाच्या कडेला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पांढरट-गुलाबी जाडसर ठिपका येतो. भोवती लाल शिरा दिसतात. उन्हाधुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढते, त्यासारखाच तो दिसतो. पण हा वाढत जातो आणि लाली हटत नाही. वर्षानुवर्षांचे ऊन हे त्याचे एक मोठे कारण आहे. शरीराची प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनाही तो होतो. म्हणून तरुण माणसात दिसला तर डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतात, त्यात लाज बाळगू नये. गाईंनाही असाच डोळ्याचा कॅन्सर होतो, विशेषतः पापण्या गोऱ्या असलेल्या परदेशी वाणाच्या गाईंना, कारण काळ्या कातडीसारखा त्यांना उन्हाचा आडोसा नसतो. हा जनावराकडून माणसाला लागत नाही. लवकर सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेने, कधी नुसत्या खास थेंबांनी, तो बरा होतो. शेतात जाताना रुंद काठाची टोपी किंवा डोळ्यांवर सावली पडेल असा रुमाल बांधा.

थेंबांची बाटली आणि तिचे फसवे सुख

दुकानातून मागून आणलेल्या काही थेंबांत स्टिरॉइड असते. ते घातले की दोन दिवसांत लाली जाते, डोळा मोकळा वाटतो. म्हणून तीच बाटली घरात फिरते. आजीची नातवाला, नातवाची शेजारणीला. पण स्टिरॉइड लाली झाकते, रोग काढत नाही. काही कॅन्सरची सूजही त्याने तात्पुरती उतरते आणि निदान आणखी लांबते. शिवाय महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. आराम पडला म्हणजे रोग गेला, असे नव्हे. डोळ्यात मध, दूध, पाल्याचा रस घालू नका. आणि बिब्बा तर डोळ्याच्या आसपासही आणू नका.

मांजरसुंब्याचा चौक

"पण जायचे कुठे?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आपल्या मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहून पाहा. उत्तरेचा रस्ता बीडला जातो. तिथे जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. तोच पुढे छत्रपती संभाजीनगरला जातो. तिथे घाटी रुग्णालय आहे आणि २०१२ पासून शासनाचे कर्करोग रुग्णालय आहे. पूर्वेचा रस्ता नेकनूर, केजवरून अंबाजोगाईला जातो. तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दक्षिणेला चौसाळ्यावरून पुढे बार्शीला जाता येते. तिथे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. पश्चिमेचा रस्ता पाटोदा, जामखेडवरून पुण्याकडे जातो. पहिली पायरी डोळ्यांच्या डॉक्टरची; पुढे कुठे जायचे ते त्यांना चिठ्ठीवर लिहून मागा. लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरसाठी ते बहुधा मोठ्या केंद्रात पाठवतील. मुंबईत परळला १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे, आणि तिथे जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे.

पैशाची काळजी असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसलेला असतो, आधी त्याला भेटा. कॅन्सरच्या रुग्णाला एस.टी.च्या भाड्यात सवलत असते, तिची आगारात चौकशी करा. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करणारे सरकारी पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

नुसते सांगितल्याने काय होते, असे कोणी म्हणेल. त्याला बार्शीचे उदाहरण द्यावे. १९८७ साली बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांत गावोगावच्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू झाली. खेड्यांतली अशी ही देशातली पहिली नोंदवही. तिचे कार्यकर्ते गावागावांत जात, नोंद करीत आणि कॅन्सरच्या खुणाही लोकांना समजावून सांगत. पुढे असे दिसले, की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. ही माणसे आपल्यासारखीच, कोरडवाहू शेतीची. खुणा कळल्या, तशी त्यांची पावले लवकर निघाली.

म्हणून शेवटी एवढेच सांगतो. घरातल्या कॅलेंडरवर, डोळ्याचे दुखणे सुरू झाले त्या तारखेला खूण करा आणि शेजारी "उजवा" किंवा "डावा" लिहा. पहिले मलम घ्या, हरकत नाही. दुसरे घेताना डॉक्टरला दाखवून घ्या. पण त्याच डोळ्याला, त्याच जागी, तिसरे मलम घ्यायची वेळ आली, तर दुकानाकडे जाऊ नका. कॅलेंडर काढा, कागदांची पिशवी घ्या आणि चौकातून गाडी धरा. लेकराच्या डोळ्यात चमक दिसली किंवा डोळा पुढे आला, तर पहिल्या मलमाचीही वाट पाहू नका.

दहापैकी नऊ वेळा डॉक्टर म्हणतील, "काही नाही, साधी गाठ आहे." त्या दिवशी गाडीभाडे वाया गेले असे म्हणू नका. पेरणीआधी बी तपासून घेतो, तेव्हा ते चांगले निघाले म्हणून कोणी हळहळत नाही.